अढाऊ सरांचा जर्मनीचा धडा

तेल्हाऱ्याच्या आमच्या शाळेत दहावीच्या दोन तुकड्यांमध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं, आणि तेही छतापर्यंत पोचलेलं नव्हतं. एका बाजूला मी विज्ञान शिकवत असे आणि दुसऱ्या बाजूला अढाऊ सर इतिहास. माझ्या मुलांचे डोळे फळ्यावरच्या आरशाच्या आकृतीकडे असत आणि कान पलीकडे. नांदगाव खंडेश्वरहून मी नोकरीसाठी तिथे नवीनच आले होते. सुरुवातीला मला याचा राग यायचा. पुढे पुढे मीच हातात खडू धरून ऐकत उभी राहायला लागले.

"एका गावात एक पोस्टमन होता," पलीकडून आवाज यायचा. "लई भला मानूस. सायकलवर चिठ्ठ्या वाटे. म्हाताऱ्यायले वाचून बी दाखवे. एक दिवस त्याच्या साहेबानं सांगतलं, या गल्लीतल्या लोकायच्या चिठ्ठ्या आता देत जाऊ नको. त्यानं नाही देल्या. आता सांगा, त्यानं कोनाले मारलं का?"

"नाही सर."

"कोनाले शिवी देली?"

"नाही सर."

"मंग काय केलं?"

"चिठ्ठी नाही देली सर," कोणीतरी म्हणायचं.

"बस. तेवढंच केलं."

हा जर्मनीचा धडा. पुस्तकात तो जेमतेम दोन परिच्छेदांचा होता. युरोपातल्या युद्धाची कारणं, हुकूमशहाचा उदय, ज्यूंचा संहार, आणि लगेच पुढच्या पानावर शांतता परिषद. सर त्या दोन परिच्छेदांवर पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत थांबत. बाकीचा अभ्यासक्रम मग जादा तास घेऊन धावत पुरा करत. पण जर्मनीला हात लावू देत नसत.

अढाऊ सर दिसायला काही खास नव्हते. बुटके, रुंद खांद्यांचे, कानांवर केस वाढलेले. शर्टाला इस्त्री कधी नसे, पण बटणं गळ्यापर्यंत लावलेली. उन्हाळ्यातसुद्धा. खिशात ओवा असायचा. बोलता बोलता चिमूटभर तोंडात टाकायचे आणि मग पूर्ण वाक्य ओव्याच्या वासाचं बाहेर पडायचं. वर्गात शिरले की आधी सगळ्या खिडक्या उघडत. बाहेरचं ऊन, धूळ, मोटारसायकलींचे आवाज, सगळं आत आलं पाहिजे. "बंद खोलीत इतिहास शिकवला का थो राजायचाच होते," म्हणायचे. पुण्याचे एक तपासणी अधिकारी एकदा त्यांना म्हणाले, सर, वर्गात प्रमाण भाषा वापरा. सर म्हणाले, "साहेब, मले येते ना प्रमाण भाषा. पन त्या भाषेत पोट्टे मले घाबरतात, अन् घाबरलेलं पोट्टं खरं बोलत नाही."

त्यांची एक अट मला फार नंतर कळली. पूर्ण धड्यात ते त्या हुकूमशहाचं नाव घेत नसत. मुलांनी घेतलं तर थांबवत. "त्याचं नाव तुमाले मालूम आहे, मले मालूम आहे. परीक्षेत लिहा. पन इथं नको. त्याचं नाव घेतलं का सारं पाप त्याच्या डोक्यावर जाते अन् बाकीचे हात धुऊन घरी जातात." त्याच्याऐवजी त्यांच्या धड्यात पोस्टमन होता, स्टेशनमास्तर होता, पाव विकणारी बाई होती, शाळेतला मास्तर होता. कोणतीही घटना सांगितली, दुकानांच्या काचा फुटल्या, कोटावर पिवळं चिन्ह शिवायला लावलं, गाड्या भरून माणसं नेली, की शेवटी त्यांचा एकच प्रश्न असे. "मंग शेजाऱ्यानं काय केलं?"

फॅसिझम हा शब्द शिकवायच्या दिवशी ते सायकलच्या कॅरिअरला पऱ्हाट्यांची मोळी बांधून आणत. कापूस वेचून झाला की शेतात उरतात त्या वाळक्या काड्या. आमच्याकडे घरोघरी तेच सरपण. इटलीतला तो शब्द काड्यांच्या मोळीवरून आला, हे सांगून ते एक काडी काढून मोडत. मग मोळी मोडायला सांगत. ती कोणाला मोडायची नाही. मुलांना वाटायचं, आता एकीचं बळ.

"एकी लई चांगली," सर म्हणत. "पन मले सांगा, पऱ्हाटीले कोनी इचारलं का, तुले बांधून घ्याचं आहे का म्हनून? अन् मोळी बांधतात कशासाठी?"

मागच्या बाकावरून उत्तर यायचं. "चुलीसाठी सर."

एकदा पेपर तपासायला आम्ही दोघं अकोल्याला गेलो होतो. परतीची एस.टी. अकोटच्या स्टँडवर पंक्चर होऊन उभी राहिली. चहा घेताना मी त्यांना विचारलं, "सर, तुम्ही मुंबईच्या पुढे गेला नाहीत. मग जर्मनीच कशाला एवढी धरून बसलात?"

सरांनी ओवा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"बाई, आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. मी लहान होतो तवा पान्यावरून भांडन झालं. गावाबाहेरच्या वस्तीतल्या बायायनं गावाच्या विहिरीवर घागर लावली. दुपारी लोक काठ्या घेऊन निघाले. माहा बाप देवमानूस. घरात साप निघाला तं मारू देत नव्हता. त्या दुपारी त्यानं दार लावून घेतलं अन् भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला. मी त्याच्या बाजूले. बाहेरून आवाज येऊन राहिले, अन् आत शेंगा फुटून राहिल्या. बापानं सोललेले दाने माह्या हातावर ठेवले."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"म्या खाल्ले, बाई. भूक लागली होती."

मग ते पंक्चरवाल्याकडे बघत म्हणाले, "आपल्या गावचं शिकवलं का पोट्टे आधी इचारतात, कोनत्या जातीचे होते सर? अन् उत्तर मिळालं का त्यायचं ऐकनं संपते. जर्मनीचं सांगतलं तं निदान शेवटपर्यंत ऐकतात."

शाळेच्या समोर रस्त्यापलीकडे करीमभाई पिंजाऱ्याचं दुकान होतं. गाद्या, उशा, रजया. त्याचा बाप धनुकलीनं कापूस पिंजायचा, करीमभाईनं मशीन घेतलं होतं. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की दुकानासमोर जुन्या गाद्यांचा ढीग लागे आणि त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसलेला असे. शाळेतली निम्मी मुलं त्याच्या हातच्या गादीवर वाढलेली. त्याची मुलगी नसीम आमच्याकडेच शिकत होती.

नसीम दहावीत असताना सरांनी वर्गात एक गोष्ट सांगितली. त्या छावण्यांमध्ये आणलेल्या बायकांचे केस कापून घेत, आणि ते केस पोत्यांत भरून कारखान्यांना विकत. गाद्यांमध्ये भरायला. एवढं सांगून ते थांबले होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत करीमभाई शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो रस्ता ओलांडून आत कधी आला नव्हता.

"सरजी, बेटी कहती है, गादी में औरतों के बाल भरते थे. सच है क्या?"

"सच है करीमभाई."

करीमभाई खाली बघत राहिला. अंगावरचा कापूस तिथल्या फरशीवर पडत होता.

"क्यों सरजी? रूई कम थी क्या उनके मुल्क में?"

सरांनी करीमभाईला खुर्ची दिली, शिपायाला चहा सांगितला, आणि दोघं चहा प्याले. त्यानंतर ती केसांची गोष्ट त्यांनी वर्गात कधी सांगितली नाही.

नसीमच्याच वर्गात गजानन होता. त्याचा बाप कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये फिटर होता. ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, बोंडअळीनं उरलंसुरलं खाल्लं होतं, आणि आमच्याकडची जिनिंगं एकेक करून बंद पडत होती. हजेरी घेताना काही नावांवर थांबावं लागे. त्या मुलाच्या घरी काय झालं ते सगळ्यांना माहीत असे, कोणी मोठ्यानं म्हणत नसे. मुंबईहून गाड्या येत, फोटो काढून जात. गजाननचा बाप दिवसभर बंद जिनिंगच्या फाटकासमोर बसून राहायचा. घरी आला तरी कोणाशी बोलायचा नाही.

गजानन हुशार होता. हुशार म्हणजे पाठांतराचा नव्हे. त्याला गोष्ट आतून दिसायची. त्या वर्षी सरांनी वर्गात एक प्रश्न विचारला तो मी पार्टिशनपलीकडून ऐकला.

"समजा, घरी काम नाही. बाप बोलत नाही. माय रडते. अन् एक मानूस येते, तुह्या खांद्यावर हात ठेवते अन् म्हनते, तुह्या दुःखाचं कारण मले मालूम आहे. तू त्याले काय देशीन?"

मग गजाननचा आवाज आला.

"सारंच देईन सर."

त्या संध्याकाळी सर माझ्याशी शाळेच्या फाटकापर्यंत चालत आले. ते खूष होते. "बाई, समजलं त्याले. मोठमोठ्या पुस्तकायत जे पानं भरून लिहितात, ते पोट्ट्याले दोन शब्दात समजलं." बोर्डात गजाननला इतिहासात सर्वांत जास्त गुण मिळाले. सरांनी त्याला स्वतःचं शाईचं पेन दिलं.

पुढे गजानन अकोल्याला कॉलेजात गेला, बी.ए. झाला आणि परत आला. नोकरी नव्हती. काही दिवस मोबाइलच्या दुकानात बसला, काही दिवस कोणाची जीप चालवली. मग तो चौकातल्या पोरांमध्ये दिसायला लागला. बाहेरगावचे काही लोक येत, सभा घेत, त्यांच्याबरोबर तो असे. त्याला बोलता येत होतं. थोड्याच महिन्यांत मुख्य भाषण त्याचंच होऊ लागलं.

एका मिरवणुकीत वाजंत्रीवरून बाचाबाची झाली. कोणाला लागलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी चौकात सभा ठरली. बाजाराचा दिवस होता. मी भाजी घेत होते आणि सर पिशवी घेऊन माझ्या शेजारी उभे होते. गजानन ओट्यावर चढला. त्याच्या हातात पऱ्हाट्यांची मोळी होती.

त्यानं एक काडी काढली, मोडली, खाली टाकली. मग मोळी पुढच्या पोराच्या हातात दिली. "मोड." पोरगं झटलं. मोळी मोडली नाही. टाळ्या पडल्या.

"तुमच्या घरी काम नाही," गजानन म्हणाला. "बाप बोलत नाही. माय रडते. तुमच्या दुःखाचं कारण मले मालूम आहे."

माझ्या शेजारी सरांचे ओठ हलत होते. तो पुढे काय म्हणणार ते त्यांना एक वाक्य आधी कळत होतं. कारण वाक्यं त्यांचीच होती, त्याच क्रमानं, त्याच ठिकाणी थांबत. फक्त मोळी बांधतात कशासाठी, तो प्रश्न त्यानं विचारला नाही. त्याऐवजी सांगितलं की उद्यापासून "त्या लोकायकडून" काही घ्यायचं नाही, त्यांना काही द्यायचं नाही. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. फक्त घ्यायचं नाही.

"चला बाई," सर म्हणाले. त्यांची पिशवी रिकामीच होती.

चार-दोन दिवसांनी गजानन सरांच्या घरी आला. आमचं घर त्याच गल्लीत. सुमनताईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला मुगवड्या घालायला बोलावलं होतं. आम्ही दोघी अंगणात होतो आणि सर ओसरीवर. गजाननने चपला बाहेर काढल्या, सरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"सर, आशीर्वाद द्या. मोठी जबाबदारी देऊन राहिले मले."

सरांनी पाय मागे घेतले नाहीत. हातही उचलला नाही.

"मोळी कशासाठी बांधतात, सांगतलं होतं ना रे मी?"

"हाव सर. चुलीसाठी."

"मंग?"

"सर, कोनाची तरी चूल पेटली पाह्यजे ना. आमच्या घरची तं कवाचीच थंडी पडली आहे." तो उर्मटपणे बोलत नव्हता. वर्गात उभा राहून उत्तर द्यायचा तसाच बोलत होता. "तुमी वर्गात इचारलं होतं, कोनी खांद्यावर हात ठेवला तं काय देशीन. मी म्हनलं, सारंच. तुमी शाबासकी देली. पन मंग कोनी आलंच नाही सर. बाप त्या फाटकासमोर बसून बसून मेला, कोनी आलं नाही. हे लोक आले. मले नाव घेऊन हाक मारली. इचारलं, जेवला का?"

सुमनताईंचा हात पिठात थांबला.

"करीमभाईनं तुहं काय केलं?" सरांनी विचारलं.

"काही नाही."

"त्याच्या गादीवर झोपून मोठा झाला तू."

"हाव सर."

"मंग काहून?"

गजाननने थोडा विचार केला. "तुमीच सांगतलं होतं ना सर. जर्मनीतल्या त्या लोकायनं बी काही केलं नव्हतं."

त्यानं पुन्हा नमस्कार केला, सुमनताईंना "येतो काकू" म्हणाला आणि गेला. सर ओसरीवर तसेच बसून राहिले. सुमनताईंनी विचारलं, चहा ठेवू का? त्यांनी ऐकलं नाही. मग म्हणाले, "धडा बरोबर समजला आहे त्याले. कुठंच चुकला नाही."

थंडी सुरू झाली. करीमभाईच्या दुकानासमोर गाद्यांचा ढीग लागला नाही. लोक अकोटला गाद्या पाठवू लागले, काहींनी तयार फोमच्या आणल्या. कोणी त्याला वाईट बोललं नाही. रस्त्यानं जाताना रामराम करत होते. फक्त गादी देत नव्हते.

सरांनी आपल्या घरातली एक गादी सायकलवर आडवी टाकून नेली. मग दुसरी. मग उशा. मी माझ्या घरची दिली, आणखी दोघा-तिघा शिक्षकांनी दिली, मग तीही थांबली. सरांची पुन्हा पहिली गादी गेली. सुमनताई सतरंजीवर झोपत होत्या. पोरं सरांची सायकल बघून हसायची. एका सकाळी मी तिथून जात होते तेव्हा करीमभाई गादी हातात घेऊन उभा होता.

"सरजी, ये तो अभी-अभी भरी थी मैंने."

"पुन्हा पिंजा."

"रूई मर जाती है सरजी. बार बार पिंजने से धागा टूट जाता है. फिर उसमें दम नहीं रहता, भूसा हो जाती है." त्यानं गादी परत सायकलवर ठेवली, दोरी बांधून दिली. "आप मत लाया करो. आपको देखते हैं सब."

त्याच सुमारास सरांना संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावलं. अध्यक्ष सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला. सर, तुमच्या शिकवण्याबद्दल प्रश्नच नाही, म्हणाले. पण पालक विचारतात, हे सगळं पुस्तकात कुठे आहे? दोन परिच्छेद आहेत तर दोन तास घ्या. आणि आता तुमचं वय झालं, दहावीचा ताण कशाला. जूनपासून सरांकडे सातवीचा भूगोल आला. कोणी त्यांना काढलं नाही, बदली केली नाही. दहावीचा इतिहास एका नव्या तरुण शिक्षकाकडे गेला. तो कारणं आणि परिणाम मुद्द्यांमध्ये लिहून देई, मुलं पाठ करत. पार्टिशनपलीकडून आता फक्त लिहिण्याचा आवाज यायचा. त्या वर्षी इतिहासाचा निकाल सुधारला.

करीमभाई गेला ती पोळ्याच्या आधीची सकाळ होती. बुऱ्हाणपूरला त्याच्या साडूकडे. नसीमचं लग्न तिकडेच झालं होतं. टेम्पो दुकानासमोर उभा होता आणि सर आधीच पोचून सायकल बाजूला लावून उभे होते. मीही गेले. मला वाटलं होतं, तिथे आम्ही दोघंच असू.

पण सगळी गल्ली तिथे होती. किराणावाल्यानं आपली दोन पोरं पाठवली होती. शेजारच्या सायकल दुकानवाल्यानं पिंजायचं मशीन खोलून दिलं, कारण ते अख्खं टेम्पोत मावत नव्हतं. मागच्या घरातल्या काकूंनी प्रवासासाठी पुऱ्या आणि लोणचं बांधून दिलं. गजाननबरोबर फिरणारा एक पोरगा टेम्पोवर चढून दोर आवळत होता. "करीमचाचा, हे आरसे वर ठेवू का? फुटतीन नाही तं." सगळे घामाघूम झाले होते. कोणीतरी सगळ्यांसाठी चहा आणला. करीमभाईच्या बायकोला बायांनी मिठी मारली, डोळे पुसले. खरे रडत होत्या त्या.

कोणीही त्याला नको जाऊ म्हणालं नाही.

सरांना धरायला काही उरलं नव्हतं. सगळं सामान आधीच चढलं होतं. ते टेम्पोच्या मागे उभे राहिले. करीमभाईनं खाली उतरून त्यांचा हात हातात घेतला. "अच्छा सरजी. चलता हूँ." बस, तेवढंच. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला तशी माणसं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत आपापल्या दुकानांत गेली. काम नीट झालं होतं.

परत येताना सर सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत होते.

"बाई, इतकी वर्षं मले वाटत होतं, शेजारी दार लावून घेते. ते मले मालूम होतं. ते मी शिकवू शकत होतो." थोडं चालून ते थांबले. "हे तं मदतीले आले. आता याच्यापुढं काय शिकवाचं?"

उत्तर त्यांना माझ्याकडून नको होतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी सातवीला नद्या आणि पिकं शिकवली. खिडक्या उघडणं बंद झालं. कोणी उघडल्या तर बंदही करत नसत. निवृत्तीनंतर सुमनताईंना घेऊन ते अमरावतीला मुलाकडे राहायला गेले. घर विकलं.

काही वर्षांनी शाळेत विज्ञानाच्या नव्या खोल्या बांधल्या. निधी गजाननने मिळवून दिला. तो निवडून आला होता, जिल्ह्यात त्याचं नाव होतं, सगळे त्याला भाऊ म्हणत. उद्घाटनाला त्यानं एकच आग्रह धरला. अढाऊ सरांचा सत्कार झाला पाहिजे. माणूस अमरावतीला पाठवून त्यानं आमंत्रण दिलं, गाडी पाठवायची तयारी दाखवली. सर गाडीनं आले नाहीत, एस.टी.नं आले. एकटे. सुमनताई आदल्या वर्षी गेल्या होत्या.

मी त्यांना स्टँडवर घ्यायला गेले. वाळले होते. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं होतं, पण गळाच आता सैल होता. चालताना ते म्हणाले, "बाई, मी येनार नव्हतो. पन म्हनलं, सारी शाळा समोर बसन. माइक हाती भेटन. एकदा बोलून घेतो." त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी जुन्या सरांसारखा वाटला. मला आशा वाटली, हे मी नाकारत नाही.

मांडव शिक्षकांपुरता आणि पाहुण्यांपुरता होता. मुलं मैदानात, उन्हात, वर्गावर्गाच्या रांगा करून बसली होती. गजाननने सरांना शाल पांघरली, नारळ दिला, आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग माइकपाशी गेला.

"लोक मले इचारतात, भाऊ, तुमी बोलायचं कुठं शिकले? मी सांगतो, या मानसापाशी. बाप फाटकासमोर बसे तवा या मानसानं मले इचार कराले शिकवलं. आज मी जो काही आहे, तो अढाऊ सरांमुळं आहे."

तो खोटं बोलत नव्हता. ते बघणं सगळ्यांत अवघड होतं.

सरांना माइक दिला. ते उभे राहिले. शाल खांद्यावरून घसरत होती ती त्यांनी एका हातानं धरली. समोर मुलं बसली होती, काहींनी डोक्यावर दप्तरं धरली होती. मागच्या रांगांत चुळबूळ चालू होती. सर त्यांच्याकडे बघत राहिले. मग गजाननकडे बघितलं. तो हात जोडून खाली मान घालून उभा होता. माइकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "याले मी शिकवलं."

आणि बसले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालक म्हणाले, मोठी माणसं थोडक्यात बोलतात. मुलांनीही जोरात टाळ्या वाजवल्या, कारण कार्यक्रम संपत आला होता.

जेवायला ते थांबले नाहीत. मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. रस्त्यात ते एकदाच बोलले, ऊन फार आहे, मुलांना सावलीत बसवायला पाहिजे होतं, असं काहीसं. अकोल्याची गाडी लागलेली होती, भरलेली. सर मागच्या दारातून चढले. आत एका कॉलेजच्या पोरानं त्यांच्या खांद्यावरची शाल बघून उठून जागा दिली. ते खिडकीपाशी बसले, नारळ मांडीवर. मी खालून हात केला. त्यांना दिसला असावा, पण ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होते. कंडक्टरनं दार ओढलं, घंटी मारली, आणि गाडी अकोटच्या रस्त्याला लागली.